व्हेपच्या कॉइलमधले धातू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. तारेचा रोध मोजायचा, जळालेली हीटरची कॉइल बदलायची, सोल्डर मारायचं, हे माझं रोजचं काम. गेल्या काही वर्षांत मात्र वर्कशॉपच्या टेबलावर वेगळीच कॉइल यायला लागली: व्हेप पेनची, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटची. आधी पोरांच्या खिशातून, मग घाबरलेल्या आईबापांच्या हातातून. लातूरला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या माझ्या सख्ख्या भाच्याच्या दप्तरातही ती निघाली. बहिणीने फोन केला, "दादा, ह्याच्यात काय असतं ते तूच सांग, तुझंच काम आहे हे." तेव्हापासून लोकांनी जे जे विचारलं ते इथे त्यांच्याच शब्दांत मांडलंय. मी डॉक्टर नाही. धातू आणि तापमान यांच्याबद्दल मी खात्रीने बोलू शकतो. दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरकडे जा, मग हे वाचा.

कॉइल कॉइल म्हणतात ती असते तरी काय?

खोलीवर मॅगी करायला पोरं जी कॉइलची शेगडी वापरतात, तिचंच नखाएवढं रूप. केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते, किंवा पत्र्याची बारीक जाळी असते, आणि तिला लागून कापूस. कापूस लिक्विड ओढून घेतो, बॅटरी तार तापवते, लिक्विड उकळतं. लिक्विड म्हणजे मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटीन.

आपण तिला वाफ म्हणतो, पण ते धुक्यासारखे अतिशय बारीक थेंब असतात. हे लक्षात ठेवा, कारण धातू हवेत एकटा उडत नाही, तो या थेंबांवर बसून जातो. शेगडीच्या तारेवर आपण पातेलं ठेवतो, भाजी पातेल्यात असते. व्हेपमध्ये मधलं पातेलंच नाही. लिक्विड उघड्या तारेला चिकटून उकळतं आणि तिथून सरळ छातीत जातं.

तारेत कोणकोणते धातू असतात? बघून ओळखू येतात का?

मुख्य पाच. कंथाल, म्हणजे लोखंड, सुमारे 22 टक्के क्रोमियम आणि साधारण 5 ते 6 टक्के ॲल्युमिनियम. निक्रोम, म्हणजे 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम. याचं पेटंट 1906 चं, आणि तेव्हापासून घरातली शेगडी, टोस्टर, इस्त्री यांना याच तारेने ऊब दिली. तिसरं 316एल स्टील: क्रोमियम 16 ते 18 टक्के, निकेल 10 ते 14, मॉलिब्डेनम 2 ते 3, बाकी लोखंड. चौथं जवळजवळ शुद्ध निकेल. पाचवं टायटॅनियम.

बघून काही ओळखू येत नाही. पोरांना मी चुंबक लावायला सांगतो. कंथाल आणि शुद्ध निकेल चुंबकाला चिकटतात. निक्रोम, 316एल आणि टायटॅनियम चिकटत नाहीत. मग मल्टिमीटर. पाव मिलिमीटर जाडीची 10 सेंटिमीटर तार घेतली तर कंथालचा रोध 3 ओहमच्या आसपास, निक्रोमचा 2.2, स्टीलचा दीड, शुद्ध निकेलचा जेमतेम 0.2. एवढा खटाटोप वर्कशॉपमध्ये होतो. पानटपरीमागे हातात ठेवलेल्या बंद पेनमध्ये कोणती तार आहे हे विकणाऱ्याला माहीत नसतं, मग घेणाऱ्याला कुठून कळणार?

आमचं पोरगं म्हणायलंय, "त्यात सर्जिकल स्टील आहे, ऑपरेशनमध्ये वापरतात ते." मग काय हरकत?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो चुकीचा नाही. सर्जिकल स्टील म्हणजे वरचं 316एल, आणि ते खरंच हाडं जोडायच्या प्लेटांमध्ये वापरतात. स्वयंपाकघरातली चांगली भांडीही त्याच घराण्यातली, 304 जातीची, 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेलवाली. वरण त्यातच शिजतं आणि आपण ठणठणीत असतो.

पण हाडातली प्लेट कुणी लाल करत नाही. तिचं काम सदतीस अंशांना, जागेवर शांत पडून राहण्याचं. वरणाचं पातेलं पाणी आहे तोवर शंभर अंशांच्या फार वर जात नाही, आणि पातेल्यातून जे काही कणभर सुटतं ते पोटात जातं. पोटात गेलेल्या निकेलचा बराचसा भाग शरीर घेतच नाही, तो शौचावाटे निघून जातो. फुफ्फुसाला अशी चाळणी नाही. तिथे पडदा इतका पातळ की प्राणवायू क्षणात रक्तात उतरतो. त्याच पडद्यावर धातूचे कण येऊन बसतात.

याची साक्ष मराठवाड्यातच आहे. जालन्याचे पोलाद कारखाने बघा, वाळूजची वर्कशॉप बघा. तिथला जुना वेल्डर स्टीलच्या डब्यात भाकरी बिनधास्त खातो, पण स्टील वेल्डिंगचा धूर तोंडावर येऊ देत नाही. डबा आणि धूर, धातू एकच. स्टील वेल्डिंगच्या धुरात सहा संयुजेचं क्रोमियम तयार होतं, आणि ते कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूरच पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे ठरलेल्या गोष्टींच्या यादीत. निकेलची संयुगंही त्याच गटात आहेत. व्हेपची कॉइल वेल्डिंगइतकी तापत नाही, तेव्हा दोन्ही सारखेच असं मी म्हणणार नाही. पण "भांड्यात चालतं म्हणून श्वासात चालतं" हा हिशेब आमच्या कोणत्याही वेल्डरला पटणार नाही.

सर, निक्रोम 1400 अंशांना वितळतं. कॉइल तर दोनशे-तीनशेच्या आसपास असते. मग धातू सुटेल कसा?

हा प्रश्न एका हुशार पोराने वर्गात विचारला. त्याला मी म्हटलं, घरी जा आणि आजीला विचार, कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक का ठेवत नाहीत.

ताक कळकतं. थंड ताक, थंड पितळ, काहीच वितळलेलं नाही. तरी रात्रभरात आंबटपणा धातूला खातो, ताकाला चव येते, पोटात मळमळतं. म्हणून तर गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता लावून, नवसागराचा पांढरा धूर काढून पातेल्याला आतून कथलाचा हात मारून जायचा. धातूला विरघळायला वितळावं लागत नाही. आंबट, ओल आणि वेळ मिळाला की झालं. उष्णता मिळाली तर काम लवकर.

व्हेपमध्ये हे सगळं आहे. निकोटीन सॉल्टच्या लिक्विडमध्ये बहुधा बेंझोइक ॲसिड घातलेलं असतं. फ्लेवरही कितीतरी आम्लधर्मी. ते लिक्विड कापसातून तारेला आणि तिच्या टोकांना दिवस-रात्र भिजवत बसतं. वर दर झुरक्याला तार तापते, निवते, तापते, निवते. तापलेल्या तारेवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, कंथालवर ॲल्युमिनियमचा, निक्रोमवर क्रोमियमचा. हीटरमध्ये तो पापुद्रा तारेचं कवच असतो. पण तार ताणली, खरवडली की तो सुटू शकतो.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. प्रॉपिलीन ग्लायकॉल 188 अंशांना उकळतं, ग्लिसरीन 290 ला. कापूस ओला आहे तोवर उकळतं लिक्विडच तारेला आवरतं. कापूस सुकला की आवरणारं कुणी नाही. मग तापमान झपाट्याने चढतं, घशाला चटका बसतो, जळका वास येतो. अंधारात धातू लालसर दिसायला लागतो तो साधारण 525 अंशांना. कॉइल लाल करून "साफ" करणारी पोरं मी पाहिली आहेत. ती लाल दिसली याचा अर्थ एवढा तरी आकडा नक्की ओलांडला. शिवाय ग्लिसरीन असं करपलं की ॲक्रोलिन आणि फॉर्मल्डिहाइड तयार होतात. तेल धुरावल्यावर डोळ्यांना झोंबतं ना, ते ॲक्रोलिन.

हे सगळं अंदाजाने बोलताय की कुणी मोजलंय?

मोजलंय. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली मेरीलँडमधल्या रोज व्हेप ओढणाऱ्या 56 जणांची स्वतःची यंत्रं तपासली. बाटलीतलं लिक्विड, यंत्रातलं धुकं आणि टाकीत उरलेलं लिक्विड, असे तीन नमुने घेतले. बाटलीत धातू फारच कमी. तेच लिक्विड कॉइलमधून गेल्यावर क्रोमियम, निकेल, शिसं, जस्त वाढलेलं. धुक्यातलं शिसं बाटलीतल्या शिशाच्या 25 पटींहून जास्त. म्हणजे धातू लिक्विडमध्ये मुळात फारसा नव्हता, तो यंत्राने दिला. मला स्वतःला सगळ्यांत पटलेला पुरावा हाच, कारण तो आपल्या कळकलेल्या ताकाचाच प्रयोग आहे: आधी चाखा, भांड्यात ठेवा, परत चाखा.

शिसं? तारेत तर शिसं नसतं!

बरोबर, पाचांपैकी एकाही तारेत शिसं नसतं. म्हणून "कोणत्या धातूची कॉइल चांगली" हा वादच अर्धवट आहे.

तार बॅटरीला जोडायची तर सांधा लागतो. पोरांनी आणलेल्या दोन-तीन पेन मी टेबलावर उघडल्या. एकीत सोल्डरचा थेंब डोळ्यांनी दिसत होता, लिक्विडच्या चिकट्यात बुडालेला. आमच्याकडे वर्गात वापरतात ते 63-37 सोल्डर 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं असतं आणि 183 अंशांना वितळतं. 188 आणि 290 हे वरचे आकडे आठवा. तारेवरचं लिक्विड ज्या तापमानाला उकळतं, त्याआधीच हे सोल्डर पातळ होतं. सांधा तारेपासून थोडा दूर असतो, म्हणून तो तितका तापत नाही. पण ते लिक्विड सांध्यालाही भिजवतंच. त्या पेनमधलं सोल्डर शिशाचं होतं की बिनशिशाचं, हे माझ्या मल्टिमीटरला कळत नाही. तसं कळवणारं लेबल त्यावर नव्हतं.

सोल्डर एवढाच रस्ता नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेच्या संशोधकांनी 2025 मध्ये वापरून फेकायच्या पेन तपासल्या. काहींमध्ये तापणारी तार नव्हे, तर आतले शिसंमिश्रित ब्राँझचे बारीक भागच लिक्विडमध्ये शिसं सोडत होते. निकेल तारेतूनही येत होतं. एका पेनने दिवसभराच्या वापरात जेवढं शिसं सोडलं ते जवळजवळ वीस पाकिटं सिगारेटींतल्या शिशापेक्षा जास्त होतं.

शिशाचं "इतकं चालतं" असं सुरक्षित प्रमाण नाही.  वाढत्या वयाच्या मेंदूला त्याचा घात सर्वांत जास्त. आणि या पेन कुणाच्या हातात आहेत? सोळा-सतरा वर्षांच्या, नीटची तयारी करणाऱ्या लेकरांच्या.

मला नकली दागिन्यांनी खाज सुटते. याचा संबंध आहे का?

आहे. स्वस्त कानातले, घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण यांनी चट्टे येत असतील तर बहुधा ती निकेलची ॲलर्जी असते. अशा माणसाने निक्रोम, शुद्ध निकेल, स्टील यांतलं काहीही ओठांना आणि श्वासाला लावू नये. हे डॉक्टरला आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

टायटॅनियम तर विमानात वापरतात, महाग असतं. ते चांगलं असेल ना?

महाग म्हणजे निर्धोक नव्हे. टायटॅनियम जास्त तापलं की त्यावर पांढरी भुकटी धरते, ती टायटॅनियम डायऑक्साइड. ती श्वासातून गेली तर कर्करोग होण्याची शक्यता आहे, असं वर्गीकरण कर्करोग संशोधन संस्थेने केलंय. बारीक तार फार तापली तर पेटही घेते, आणि टायटॅनियमची आग विझवणं सोपं नसतं. टायटॅनियम आणि शुद्ध निकेल या दोन्ही तारा तापमान आवरणाऱ्या यंत्रातच चालवायच्या असतात. साध्या यंत्रात त्या घालणं म्हणजे थर्मोस्टॅट काढून गीझर लावणं.

सिरॅमिक कॉइल? त्यात धातूच नसतो म्हणे.

असतो. मातीच्या भांड्यात बसवलेला हीटर म्हणा. कापसाच्या जागी सच्छिद्र सिरॅमिक येतं, तापवायला तार किंवा धातूचा पट्टा आत असतोच. सांधेही असतातच.

ते सगळं राहू द्या. पाचांत सगळ्यांत कमी वाईट कोणता, तेवढं सांगा.

हा प्रश्न टाळला तर पोरं दुसऱ्याला विचारतात, म्हणून सांगतो. कंथालमध्ये निकेल मुद्दाम घातलेलं नसतं, हे त्याच्या बाजूने. क्रोमियम आणि ॲल्युमिनियम मात्र असतं. निक्रोमवर माझा विश्वास कमी. 2020 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत उंदरांवर प्रयोग चालू होता. यंत्रातली स्टीलची कॉइल बदलून निक्रोमची बसवली, जास्त वॉटवर चालवली, आणि उंदरांच्या फुफ्फुसांना इजा झाली. लिक्विडमध्ये निकोटीनही नसताना झाली. हे ऐकून एक पोरगा लगेच म्हणाला, "म्हणजे स्टीलची घ्यायची." नाही बाळा. स्टीलमध्येही निकेल आहेच, आणि शिशाचा सांधा कंथालच्या तारेलाही तसाच असू शकतो. यातली कुठलीही तार फुफ्फुसासाठी बनवलेली नाही. ती हीटरसाठी बनवली आहे, आणि हीटरमध्ये ती उत्तम काम करते.

सिगारेट-गुटख्यापेक्षा तरी बरं ना?

खरं ते बोलतो. व्हेपमध्ये पान जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडचा मारा सिगारेटसारखा नसतो. सिगारेटच्या धुरातही कॅडमियम आणि शिसं असतंच. चाळीस वर्षं बिडी ओढणाऱ्या माणसाने हे विचारलं तर मी त्याला डॉक्टरकडे, निकोटीनच्या गोळ्यांकडे पाठवीन. पण मला हे विचारणारी बहुतेक पोरं ना सिगारेट ओढत होती, ना गुटखा खात होती. त्यांच्यासाठी तुलना स्वच्छ हवेशी आहे.

हे कायद्याने बंद आहे ना? मग मिळतं कसं?

बंद आहे. 18 सप्टेंबर 2019 ला वटहुकूम आला, डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, जाहिरात सगळ्याला मनाई. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मिळतं ते चोरून मिळतं. म्हणूनच त्यातल्या तारेवर, सोल्डरवर, लिक्विडवर कुणाची तपासणी नाही, आणि बिघडलं तर तक्रार करायला दुकान नाही.

लेकराच्या दप्तरात सापडली. आता काय करू?

मारू नका. माझ्या बहिणीने पहिल्या दिवशी भाच्याला दोन थोबाडीत दिल्या. पुढचे पंधरा दिवस तो खोलीवरून फोन उचलेना. मग मी लातूरला गेलो, पेन त्याच्यासमोरच उघडली, तार, कापूस, सांधा त्याच्या हातात दिला. तो बारावी सायन्सचा, त्याला 183 आणि 188 हे आकडे स्वतःच दिसले. पण कळलं म्हणून सुटलं असं होत नाही. निकोटीन धरून ठेवतं. चिडचिड, झोप उडणं, अभ्यासात मन न लागणं हे पहिले दिवस होतंच. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन 1800-11-2356 आहे. मन फारच खचलं असेल तर टेली मानस 14416. भाच्याने पहिला फोन माझ्या शेजारी बसून लावला, नंतरचे त्याने एकट्याने लावले.

सोडल्यावर आत गेलेला धातू निघतो का?

निकेल आणि क्रोमियम रक्तात गेलेलं बऱ्यापैकी लघवीवाटे बाहेर पडतं. फुफ्फुसात बसलेले न विरघळणारे कण मात्र हळू निघतात. शिसं चिवट. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं, पण जे हाडांत जातं ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं. काळजी वाटत असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी होते, डॉक्टरांना विचारा. रोजचा नवा भर थांबवणं हाच उपाय, आणि तो आजपासून लागू पडतो.

सापडलेली पेन कुठे टाकू?

चुलीत किंवा उकिरड्याच्या आगीत अजिबात नको. आत लिथियमची बॅटरी असते, तापली की फुटते. लिक्विड मोरीत ओतू नका, हाताला लागलं तर साबणाने धुवा. निकोटीन कातडीतूनही आत जातं, आणि रांगतं मूल असलेल्या घरात ती बाटली क्षणभरही खाली ठेवू नका. पेन प्लास्टिकच्या डब्यात बंद करा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. गावात तशी सोय नसेल तर जवळच्या आयटीआयमध्ये विचारा. आमच्या वर्कशॉपच्या कपाटात असा एक डबा आहे, त्यात आणून टाकणाऱ्याचं नाव आम्ही विचारत नाही.